विंचवाचा डंख, गार पाय आणि रक्तदाबाची गोळी

महाड तालुक्यातली एक वाडी, मे महिन्याचा शेवटचा आठवडा, रात्रीचे साडेआठ. पाऊस तोंडावर आलेला, म्हणून पडवीबाहेर रचलेली जळाऊ लाकडं आत घेण्याचं काम चाललं होतं. मदतीला म्हणून मध्ये मध्ये करणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला उजव्या पायाच्या अंगठ्याजवळ विंचू चावला. विंचू दोन-अडीच इंचांचा, तांबूस, पुढचे चिमटे बारीक आणि शेपूट जाड. कोकणात काळा, मोठ्या चिमट्यांचा विंचूही सापडतो. दिसायला तोच भयंकर, पण माणसाच्या जिवावर उठतो तो हा तांबडा. शास्त्रीय नाव हॉटेनटोट्टा टॅम्युलस.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. हा मुलगा म्हणजे एखादा विशिष्ट रुग्ण नाही. महाड परिसरातल्या लाल विंचवाच्या रुग्णांबद्दल जे प्रसिद्ध झालं आहे, त्यात पुन्हा पुन्हा दिसणारा क्रम इथे एका मुलावर मांडला आहे. त्याची वेळ, वजन आणि रक्तदाबाचे आकडे उदाहरणादाखल आहेत. औषधं, मात्रा, अभ्यासांचे निष्कर्ष आणि इतिहास मात्र खरे.

पहिली दहा मिनिटं मुलगा किंचाळत होता. मग त्याला एकामागून एक तीन उलट्या झाल्या, आणि तो हळूहळू शांत झाला. अंगठ्यावर हात ठेवला तरी पाय ओढून घेईना. सगळं अंग घामाने निथळत होतं, तोंडातून चिकट, तार धरणारी लाळ येत होती. घरच्यांना वाटलं, उतरलं. आरोग्य केंद्रात पोचल्यावर आजी डॉक्टरांना तेच म्हणाली, "मघाशी लई वराडत होता, आता गप झालाय बघा."

डॉक्टरांनी अंगठ्याकडे नंतर पाहिलं. आधी मुलाच्या पावलावर पालथा हात ठेवला, तिथून घोट्यावर, मग नडगीवर. गुडघ्यापर्यंत पाय गार, ओले. "आजी, तुम्ही हात लावून बघा. आता माझ्या हाताला लावा." मग चड्डी सैल करून पाहिली. लिंग ताठ होतं. आजीने संकोचून मान वळवली, पण केसपेपरवर पहिल्या ओळीत हीच नोंद गेली. नाडी १४४, रक्तदाब १४०/१००. या वयाच्या मुलाचा वरचा आकडा शंभराच्या आसपास असतो.

ओरडणारा रुग्ण त्या मानाने सुरक्षित आणि गप्प झालेला धोक्यात, हे ऐकायला उफराटं वाटतं, पण लाल विंचवाच्या बाबतीत बहुधा तसंच असतं. असह्य कळा असून बाकी काही नसेल, तर विष बहुतेक जागेवरच आहे. वेदना मागे पडली आणि उलटी, घाम, गार हातपाय सुरू झाले, तर विष रक्तात पोचून कामाला लागलं. रुग्ण सुधारू लागला की डंखाची जागा पुन्हा दुखायला लागते. डॉक्टरांना आनंद देणारं दुखणं विरळाच, त्यातलं हे एक.

हा क्रम नीट ओळखून नोंदवला तो डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. १९७६ मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. त्या काळात लाल विंचवाच्या गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. उलटी, भरपूर घाम, ताठरलेलं लिंग आणि गार हातपाय ही पुढच्या हृदयविकाराची आगाऊ सूचना आहे, हे त्यांनी १९८२ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात मांडलं. ही चारही लक्षणं यंत्राशिवाय, कंदिलाच्या उजेडात, डोळ्यांनी आणि हाताने तपासता येतात. माझ्या मते त्या कामाचं निम्मं मोठेपण इथेच आहे.

आता विषाने आत काय केलं ते पाहू.

मज्जातंतूतून संदेश पळतो तो सोडियमच्या कणांच्या जोरावर. तंतूच्या आवरणात बारीक मार्ग असतात. संदेश आला की ते क्षणभर उघडतात, सोडियम आत घुसतं आणि मार्ग लगेच बंद होतात. विंचवाच्या विषातली लहान प्रथिनं या मार्गांना चिकटतात आणि ते वेळेवर बंद होऊ देत नाहीत. तंतूला पुन्हा शांत करण्याचं काम पोटॅशियमचे मार्ग करतात, तर विषातले दुसरे घटक नेमके तेच अडवतात. (याच विंचवाच्या विषातून वेगळं काढलेलं आयबेरियोटॉक्सिन पोटॅशियमच्या एका प्रकारच्या मार्गांचा अभ्यास करायला जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात.) परिणाम असा, की एकदा चेतलेला तंतू चेतलेलाच राहतो आणि त्याच्या टोकाशी साठवलेली संदेशवाहक रसायनं अखंड सांडत राहतात. विष रक्तवाहिनी आवळत नाही, घामही आणत नाही. ते काम शरीराची स्वतःची रसायनं करतात, फक्त भलत्याच प्रमाणात.

यातली मुख्य रसायनं तीन. असेटाइलकोलिन, नॉरॲड्रेनॅलिन आणि ॲड्रेनॅलिन.

असेटाइलकोलिन हे परानुकंपी नसांचं रसायन. जेवून आडवं झाल्यावर शरीराचा कारभार मुख्यतः याच नसांकडे असतो: लाळ, पचन, संथ नाडी. मज्जातंतू रसायनाच्या भाषेत बोलतात याचा पहिला पक्का पुरावाही इथेच मिळाला. १९२१ मध्ये ऑटो लोवी या शास्त्रज्ञांनी बेडकाच्या हृदयाची व्हेगस ही परानुकंपी नस चेतवली, ठोके मंदावले, आणि त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिल्यावर तेही मंदावलं. त्या द्रवात होतं ते असेटाइलकोलिन. आपल्या मुलाच्या उलट्या, चिकट लाळ, ताठरलेलं लिंग ही याच बाजूची लक्षणं. पहिल्या अर्ध्या तासात नाडी मोजली असती तर ती कदाचित साठच्या घरात सापडली असती आणि रक्तदाबही खाली. असा रुग्ण त्या वेळी आला आणि नाडी मंद म्हणून कुणी ॲट्रोपिन टोचलं, तर घोटाळा होतो. ॲट्रोपिन असेटाइलकोलिनची ही वाट बंद करतं, म्हणजे पुढे हृदय उधळणार असताना त्याचा एकमेव लगामच काढून घेतला जातो.

घामाची गोष्ट थोडी वेगळी. घामाच्या ग्रंथींकडे जाणाऱ्या नसा अनुकंपी, म्हणजे धावपळीच्या, संकटाच्या बाजूच्या. पण त्यांच्या टोकाशी सुटतं ते असेटाइलकोलिन. नियमाला अपवाद असलेली ही रचना या रुग्णांत ठळक दिसते. दोन्ही बाजू एकाच वेळी पेटलेल्या, आणि घाम त्या दोन्हींच्या सांध्यावर.

मग येते अनुकंपी लाट. ती उशिरा येते, पण जास्त टिकते. रक्तवाहिन्यांवरच्या नसांच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन सुटतं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यातून प्रामुख्याने ॲड्रेनॅलिन आणि थोडं नॉरॲड्रेनॅलिन थेट रक्तात येतं. या ग्रंथीला हुकूम देणारं रसायन पुन्हा असेटाइलकोलिनच. परीक्षेच्या हॉलबाहेर तळवे गार पडतात, रस्त्यात कुत्रा अंगावर आला की छाती धडधडते, 'टेन्शनने बीपी वाढलं' असं आपण म्हणतो, तेव्हा हीच साखळी चालते. तिथे काही मिनिटांत नसांची टोकं बरंचसं नॉरॲड्रेनॅलिन परत ओढून घेतात, उरलेलं विघटित होतं आणि माणूस ताळ्यावर येतो. या मुलात सांडणं थांबतच नाही.

एकच रसायन ठिकठिकाणी निरनिराळा परिणाम करतं, कारण ते कुठल्या ग्राहकावर, म्हणजे पेशीवरच्या रसायन पकडणाऱ्या कुठल्या जागेवर, बसतं यावर सगळं ठरतं. रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये या ग्राहकांची अल्फा आणि बीटा अशी विभागणी केली. त्वचेच्या आणि आतड्यांच्या लहान धमन्यांवर अल्फा-१ असतात. ते चेतले की धमनीच्या स्नायूत कॅल्शियम वाढतं आणि ती आवळते. हृदयावर बीटा-१, ते ठोक्यांचा वेग आणि जोर वाढवतात. मूत्रपिंडातले बीटा-१ रेनिन सोडतात, त्यातून अँजिओटेन्सिन बनतं आणि वाहिन्या आणखी आवळतात. हातापायांच्या स्नायूंतल्या वाहिन्यांवर बीटा-२, ते उलट सैल करणारे. आणि नसेच्या टोकावरच अल्फा-२ नावाचा पहारा असतो. बाहेर नॉरॲड्रेनॅलिन जास्त झालं की तो नसेला सांगतो, पुरे. हा अल्फा-२ लक्षात ठेवावा, पुढे त्याचं काम आहे.

मुलाचे पाय गार पडले ते अल्फा-१ मुळे. त्वचेतल्या धमन्या इतक्या आवळल्या की तिथवर ऊबच पोचत नव्हती. सगळ्या शरीरात असंच होऊ लागल्यावर डाव्या जवनिकेला, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या कप्प्याला, दर ठोक्याला बंद होत चाललेल्या वाहिन्यांच्या जाळ्यात रक्त ढकलावं लागतं. त्यातच ॲड्रेनॅलिनचा अतिरेक हृदयाच्या स्नायूला थेट इजा करतो. मोठ्या मानसिक धक्क्यानंतर काही माणसांचं, विशेषतः वयस्कर स्त्रियांचं, हृदय काही दिवस अर्धवट लुळं पडतं. जपानी डॉक्टरांनी त्याला ताकोत्सुबो नाव दिलं. दोन्हींचं नातं जवळचं आहे. थकलेली जवनिका पुढे रक्त ढकलू शकली नाही की ते मागे फुफ्फुसांत तुंबतं, पाझरतं, आणि मुलगा गुलाबी फेस खोकू लागतो. कोकणातली पोरं मरत होती ती या फुफ्फुसातल्या पाण्याने.

रात्री साडेनऊला आपल्या मुलाची छाती अजून स्वच्छ होती. वेळ हातात होती.

अशा वेळी पूर्वी काय दिलं जायचं ती यादी लांब आहे: ॲलर्जीची इंजेक्शनं, स्टेरॉइड, मॉर्फिन, पेथिडिन-क्लोरप्रोमॅझिनसारख्या औषधांचं मिश्रण, ॲट्रोपिन, डिजॉक्सिन, बीटा रोधक (बीटा ग्राहक अडवणारी औषधं). त्यातला बीटा रोधक वरवर सयुक्तिक वाटतो. नाडी १४४ आहे, रक्तदाब चढलाय, मग का नको? कारण तो थकू घातलेल्या हृदयाचा उरलासुरला जोर काढतो, बीटा-२ ची सैल करणारी वाट अडवतो आणि आवळणाऱ्या अल्फा-१ ला रान मोकळं करून देतो. अधिवृक्क ग्रंथीच्या ॲड्रेनॅलिन सोडणाऱ्या गाठीच्या रुग्णालाही आधी अल्फा रोधक, मगच लागलाच तर बीटा रोधक, हा नियम शल्यचिकित्सक काटेकोर पाळतात. कारण तेच.

आवळलेल्या वाहिन्या सैल करायच्या तर त्याच करणारं औषध हवं. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं गेलं. ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावं लागतं आणि मिनिटामिनिटाला रक्तदाब पाहावा लागतो. खेड्यातल्या दवाखान्यात एकाच डॉक्टरला ते झेपणारं नव्हतं. मग आलं प्रॅझोसिन, उच्च रक्तदाबासाठी बाजारात असलेली एक साधी, स्वस्त गोळी. तिचे लाल विंचवाच्या रुग्णांतले परिणाम बावस्करांनी १९८६ मध्ये पुन्हा 'द लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध केले. ही गोळी अल्फा-१ अडवते आणि अल्फा-२ ला बहुतांशी हात लावत नाही. म्हणजे धमन्या सैल होतात आणि नसेच्या टोकावरचा पहाराही जागेवर राहतो. जुने अल्फा रोधक दोन्ही अडवायचे, त्यामुळे नसा आणखी नॉरॲड्रेनॅलिन सांडायच्या आणि हृदय आणखी पळायचं.

मुलाचं वजन १७ किलो. मात्रा किलोला ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ५१० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या साध्या गोळीची अर्धी. साधी हा शब्द महत्त्वाचा. हळूहळू विरघळणारी लांब पल्ल्याची गोळी मोडून देता येत नाही, आणि तिचा असर चढायला इथे वेळही नसतो. नऊ पन्नासला सिस्टरनी अर्धी गोळी कुटून चमचाभर पाण्यात दिली. उलटी होते का ते पाहत थांबल्या. झाली नाही. मग घोट घोट पाणी आणि मीठ-साखरेचं मिश्रण, कारण उलट्या आणि घामाने बरंच पाणी निघून गेलं होतं आणि अंगात पाणी कमी असताना प्रॅझोसिन दिलं तर रक्तदाब कोसळतो.

इथे एक छोटा प्रसंग घडतो आणि बहुतेक ठिकाणी तो घडतोच. वडिलांनी मुलाला उचलून खांद्याला लावायला हात पुढे केले. सिस्टरनी त्यांना अडवलं. "दादा, उचलू नका. आडवाच राहू दे. लघवीला लागली तरी इथेच." आपण उभे राहतो तेव्हा पायांत रक्त साचू नये म्हणून शरीर क्षणात अल्फा-१ मार्फत वाहिन्या आवळतं. प्रॅझोसिनने नेमकी तीच सोय काढून घेतलेली असते. पहिल्या मात्रेनंतर तर जास्तच. खांद्यावर उभं धरलेलं पोर पांढरं पडून मान टाकतं आणि नातेवाइकांना वाटतं, औषधाने गेलं.

सव्वादहाला रक्तदाब १३०/९२, पाय तसेच गार. पावणेअकराला रक्तदाब ९६/७४, पाय अजूनही घोट्यापर्यंत गार, नाडी १३६. पुढची मात्रा बारा पन्नासला द्यायची. नव्या डॉक्टरला प्रश्न पडतो तो इथे. रक्तदाब नॉर्मलच्याही किंचित खाली आलाय. आता रक्तदाब उतरवणारी गोळी पुन्हा कशी द्यायची?

या सगळ्या प्रकरणातलं शिकण्यासारखं माझ्या लेखी एवढंच आहे. रक्तदाबाचा आकडा हा दोन गोष्टींचा गुणाकार: हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं आणि वाहिन्या त्याला किती अडवतात. वाहिन्या प्रचंड आवळलेल्या आणि हृदय दमलेलं, तरी गुणाकार ९६ येऊ शकतो. वाहिन्या ठीक आणि हृदय ठीक, तरीही ९६. पट्टा दोन्हींना एकच आकडा देतो. फरक सांगतो तो पाय. पाय गार आहे तोवर अल्फा-१ चेतलेला आहे, जवनिकेवरचा भार कायम आहे, आणि औषध रक्तदाबाचं नसून त्या भाराचं आहे. म्हणूनच अंगात पाणी पुरेसं असेल तर रक्तदाब कितीही असला तरी प्रॅझोसिन द्यावं आणि हातपाय गरम, कोरडे होईपर्यंत दर तीन तासांनी देत राहावं, असं बावस्करांच्या उपचारपद्धतीत आहे. उच्च रक्तदाबाची गोळी उच्च रक्तदाब नसताना. पाठ्यपुस्तकातून आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

बारा पन्नासला दुसरी मात्रा गेली. तोवर मुलाला रुग्णवाहिकेतून, आडवंच, तालुक्याच्या रुग्णालयात हलवलं होतं आणि तिथे विंचवाच्या विषावरचं प्रतिविष शिरेतून सुरू झालं होतं. हे प्रतिविष हाफकिन बायो-फार्मास्युटिकल ही महाराष्ट्र सरकारची कंपनी बनवत आली आहे. प्रतिविष की प्रॅझोसिन, हा वाद बराच काळ चालला. दोन्ही औषधांची कामं पाहिली तर त्यांच्यात भांडण नाही. प्रतिविष रक्तातलं मोकळं विष बांधून टाकतं, म्हणजे नव्या नसा चेतणं थांबतं. पण आधीच सांडलेलं नॉरॲड्रेनॅलिन त्याला दिसतही नाही. त्याला तोंड द्यायला प्रॅझोसिनच हवं. महाडलाच झालेली आणि २०११ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेली चाचणी ७० रुग्णांची. निम्म्यांना फक्त प्रॅझोसिन, निम्म्यांना प्रॅझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात २२.९ टक्के, दुसऱ्या गटात ९१.४ टक्के. फक्त प्रॅझोसिनवरचे रुग्णही बरे झाले, पण त्यांना वेळ लागला.

याच गोळीची एक उपकथा. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना रात्री दचकवून उठवणारी स्वप्नं पडतात, त्यामागे मेंदूतल्या नॉरॲड्रेनॅलिनचा हात असावा म्हणून अमेरिकेत त्यांनाही प्रॅझोसिन देऊन पाहिलं गेलं. सुरुवातीच्या लहान अभ्यासांत आशा दिसली, २०१८ मधल्या मोठ्या चाचणीत औषध आणि खोटी गोळी यांत फरक दिसला नाही. विंचवाच्या रुग्णात रसायन कुठून सुटतं, कुठे बसतं, हे स्पष्ट असतं. मनाच्या ताणात तसं नसतं.

पहाटे चारच्या सुमाराला, तिसऱ्या मात्रेच्या वेळी, मुलाची पावलं कोमट होती. सहाला ती कोरडी आणि गरम होती, नाडी १०८, रक्तदाब १००/६४, आणि मुलगा अंगठा धरून कळवळत होता. डॉक्टरांनी प्रॅझोसिन थांबवलं, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल दिलं. हृदयाच्या आलेखातले बदल सरळ व्हायला काही दिवस लागतात, तेवढ्यासाठी आठवड्याने परत बोलावलं आणि तोवर पळापळ नको म्हणून बजावलं. अंथरूण-पांघरूण झटकणं, चपला आपटून घालणं, लाकडाच्या राशीत हात घालण्याआधी काठीने हलवणं, हे आजीला माहीत होतंच.

त्याच वाडीतून त्याच विंचवाचा आणखी एक रुग्ण उद्या आला, पण दहा तास उशिरा, मांत्रिकाकडून फिरून, तर चित्र वेगळं असू शकतं: रक्तदाब ७०, नाडी १५०, फुफ्फुसात पाणी, आणि हातपाय मात्र गरम. नसांच्या टोकांशी साठवलेलं रसायन संपलेलं, वाहिन्या सैल पडलेल्या, हृदय दमलेलं. या रुग्णाला प्रॅझोसिन देण्यात अर्थ नाही. त्याला हृदयाचा जोर वाढवणारं डोब्युटामिन लागतं, प्राणवायू लागतो, कधी श्वासाचं यंत्र लागतं, आणि ते असलेलं रुग्णालय वाडीपासून लांब असतं.